जावयाच्या गाडीचं डावं पॅनल

उभ्या गाडीवरून पडणं चालत्या गाडीवरून पडण्यापेक्षा अवघड असतं. चालत्या गाडीवरून कोणीही पडतं. त्यात वेगाचा हात असतो, खड्ड्याचा असतो, आडव्या आलेल्या बकरीचा असतो. उभ्या गाडीवरून पडणारा माणूस सगळं स्वतःच्या कर्तृत्वावर करतो. अमळनेरात, भर दुपारी, रोजच्या पानटपरीसमोर, इंजिन बंद करून मी असा पडलो. पडायला बराच वेळ लागला. कलता कलता टपरीवाल्याला "विड्याची पानं दे, दहा" असं सांगितलंसुद्धा. 'दहा' म्हणालो तेव्हा मी जमिनीवर होतो.

टपरीवाला बाहेर आला. माझा एक पाय गाडीखाली, चष्मा नालीच्या काठावर. त्यानं शांतपणे विचारलं, "नाना, पहिले तुमले उचलू का गाडीले?"

"गाडीले," मी म्हणालो.

कारण गाडी जावयाची होती आणि मी ती न विचारता आणली होती.

धोंड्याचा महिना चालू होता, मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच. मुलगी आणि जावई धुळ्याहून दोन दिवसांसाठी आले होते. बायकोनं खापरावरचे मांडे केले, सोबत आमरस. जावई स्वभावानं इतका गरीब की वाढणाऱ्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. चौथ्या मांड्यानंतर त्याचं बोलणं थांबलं, पाचव्यानंतर तो कूलरसमोर जो आडवा झाला तो झालाच. बायको मला म्हणाली, "विड्याची पानं राहिली. ते उठायच्या आत घेऊन या." दारात माझी स्कूटर होती. पण खुंटीला जावयाच्या गाडीची चावी लटकत होती, आणि साठीला एक वर्ष कमी असलेल्या माणसालाही हात असतात.

गाडी उंच, लांबच्या प्रवासाची. माझे पाय तिच्यावरून जमिनीला टेकत नाहीत, हा शोध मला थांबल्यावर लागला. टाकीखाली दोन्ही अंगांना काळं, जाड प्लास्टिकचं पॅनल. गॅरेजवाले त्याला फायबर म्हणतात. ते गुळगुळीत नसतं; चामड्यावर असतात तसे बारीक दाणे त्यावर उठवलेले असतात. चमकत नाही, मिरवत नाही. नेमकं त्यावरच, डाव्या बाजूला, बोटभर लांबीचे तीन पांढरट ओरखडे उठले होते.

आता तीन ओरखड्यांचा मला एवढा धसका का, ते सांगतो. त्यात माझीच शोभा आहे.

मी शाळेत पर्यवेक्षक होतो. तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या. पण माझ्याकडे आणखी एक काम असायचं. महामार्गावर आमचा एखादा आजी-माजी विद्यार्थी गेला की शाळेत शोकसभा व्हायची, आणि दोन मिनिटांची शांतता घड्याळ लावून मी मोजायचो. किती वेळा मोजली ते मोजलं नाही. त्यामुळे लग्नाच्या बैठकीत मुलाकडे मोटारसायकल आहे, तीही अशी उंच, हे कळलं तेव्हा मी सगळ्यांसमोर एक अट घातली. म्हणालो, "गाडीवर पडल्याची एक खूण मला दिसली, की त्या दिवशी गाडी विकायची. माझी पोर मागं बसणार आहे." मुलगा धुळ्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. तो म्हणाला, "शब्द दिला, मामा."

शब्द घेतला तर तपासायला नको? दिवाळीला ते आले, मी गाडीभोवती फिरलो. संक्रांतीला फिरलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरलो. नुसतं बघून भागत नाही, काळ्यावर खूण लपते, म्हणून त्या दाण्यांवरून बोट फिरवायचो, डोळे मिटून. जावई बाजूला हात बांधून उभा. बायको दारातून म्हणायची, "पेपर तपासून झाला असेल तर चहा घ्या." मला वाटायचं, बायकांना यातलं कळत नाही.

तर त्या गाडीवर आता खूण होती, आणि ती मी केली होती.

घरी आणून गाडी डावी बाजू भिंतीला लावून उभी केली. जावई घोरत होता. वेळ होता, आणि मोबाईलही होता. मोबाईलमध्ये एक माणूस टूथपेस्टनं ओरखडे घालवत होता. मीही घासली. पेस्ट दाण्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसली. तीन ओरखड्यांच्या जागी आता पांढरं गोंदण दिसायला लागलं. ते ब्रशनं खरवडून काढलं आणि खोबरेल लावलं. खोबरेल लावल्यावर पॅनल इतकं काळंभोर झालं की मी स्वतःवर खूश होऊन आत जाऊन पाणी प्यायलो. बाहेर आलो तर मेच्या वाऱ्यानं गल्लीतली सगळी धूळ त्यावर आणून थापली होती. बाकी गाडी काळी, तेवढाच तुकडा मुरमाच्या रंगाचा.

इथं थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ओरखडा म्हणजे उंचसखलपणा. उंचसखलपणा घालवायला पॉलिश पेपर. माळ्यावर होताच. मी पाणी लावून, गोल गोल, मन लावून घासलं. ओरखडे गेले. अगदी पूर्ण गेले. त्यांच्यासोबत दाणेही गेले. तळहाताएवढा गुळगुळीत, करडा चट्टा उरला, माझ्या डोक्यावर आहे तसाच. त्यावरून बोट फिरवलं, ते सुळकन घसरलं. ओरखडा निदान 'लागलं असेल कुठंतरी' म्हणून खपला असता. हे टक्कल कशात खपवणार?

संध्याकाळी गाडीवर सोलापुरी चादर टाकली. जावयानं विचारलं तर म्हणालो, "उन्हानं फायबर तडकतं." सूर्य मावळला होता. जावयानं नुसती मान डोलावली. मला तेव्हा तो त्याचा भिडस्तपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दोघांना घेऊन तिच्या माहेरच्या माणसांकडे जेवायला गेली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. ते नजरेआड झाल्यावर स्क्रू काढून पॅनल उतरवलं आणि आमच्या गॅरेजवाल्याकडे नेलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "सर, हे इथं होणार नाही. रंग मारला तर रंग दिसेल. दाणे उठवणारा माणूस एकच, धुळ्यात." पत्ता दिला. पॅनल भाजीच्या पिशवीत घालून मी धुळ्याची एसटी पकडली.

तो कारागीर माझ्याच वयाचा, मेंदीनं रंगवलेली दाढी, सगळे त्याला चाचा म्हणत. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. भिंतीवर बंपर, मडगार्ड, हेडलाइटची तोंडं टांगलेली. त्यानं पॅनल उजेडात धरलं.

"पेपर कोणी मारला?"

"शेजाऱ्यानं," मी म्हणालो.

"त्याला माझा सलाम सांगा. आणि घरात घेऊ नका."

मग त्यानं पॅनल उलटं केलं. आतली बाजू बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, हा पार्ट माझ्याकडं तिसऱ्यांदा आला."

मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाचा असेल. ही गाडी कधी पडलेली नाही."

"पडलेली नाही? मग ही शिवण कोणी घातली, शिंप्यानं?" त्यानं आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथं वितळवून भरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या दोन रेघा होत्या, एक आखूड, एक चांगली लांब. बाहेरून त्या जागी काहीच नव्हतं. दाणे, नुसते दाणे. तेच दाणे, ज्यांच्यावरून मी आखाजीला डोळे मिटून बोट फिरवलं होतं.

माझ्या कानात एसटीचं इंजिन अजून चालू असल्यासारखं वाटत होतं. चाचा आपल्या कामाला लागला. हातासोबत तोंड चालू ठेवायची त्याची सवय असावी. त्यानं फळीवरून एक पिवळट रबरी तुकडा काढला. दाताचे डॉक्टर कवळीचं माप घेताना तोंडात जो लगदा कोंबतात, तसल्याच लगद्याचा तो ठसा होता. "चांगल्या जागेवर दाबला की दाणे उलटे उमटतात. मग खराब जागा गरम करायची, वरून हा दाबायचा. शेजारच्या जागेची नक्कल. या पॅनलचा ठसा मी जपून ठेवलाय. त्या ताईनं सांगितलं होतं, पुन्हा लागेल."

"कोणती ताई?"

"हिची मालकीण. पहिल्यांदा दोघं आले होते, नवरा-बायको. मैदानात शिकताना पाडली म्हणे. दुसऱ्यांदा एकटी आली, रिक्षात, शिमग्याच्या पुढंमागं. हात गळ्यात बांधलेला, कोपराला प्लास्टर. सोनगीरच्या पुढं कुठं शाळा आहे तिची, रस्त्यावर मुरूम होता. मी म्हटलं, बेटा, आधी हात बरा कर, फायबर पळून जात नाही. तर म्हणाली, नाही चाचा, आखाजीच्या आत पाहिजे. वडील तपासतात."

मी भाजीच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"म्हणाली, डोळे मिटून बोट फिरवतात, तेव्हा नुसतं दिसायला नको, बोटाला पण कळायला नको. मी म्हटलं, वडील आरटीओत आहेत का? तर म्हणाली, त्याच्या वर."

त्यानं हीट गन लावली. करडा चट्टा हळूहळू काळा झाला, ओलसर दिसायला लागला. त्यानं ठसा ठेवून तळहातानं दाबला आणि डोळे मिटून मनातल्या मनात आकडे म्हणू लागला. मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो, आणि फाल्गुन माझ्या डोळ्यांसमोरून जात होता. त्या महिन्यात तीन आठवडे मुलीच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला होता. नुसता आवाज यायचा. मी तिला सल्ला दिला होता की कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसून बघ. ती "पुसते हं, नाना," म्हणाली होती. ती शिकवते त्या शाळेकडची एसटी बंद झाल्याचं तिनं हिवाळ्यात एकदा सांगितलं होतं. मग तू जातेस कशी, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं ते न विचारता, नको तिथं बोट फिरवत बसलो होतो.

"झालं. बघा," चाचा म्हणाला.

मी उठलो, पॅनल हातात घेतलं, आणि काय सांगू, हात आपोआप चालला. डोळे मिटले, पहिलं बोट काढलं, वरून खाली, मग आडवं. काही लागलं नाही.

डोळे उघडले तेव्हा चाचा माझ्या बोटाकडे बघत होता.

"अच्छा," तो हळूच म्हणाला. "म्हणजे शेजारी पण तुम्हीच, आणि वडील पण तुम्हीच."

त्यानं मला चहा पाजला. चहा पिताना तो एकच बोलला, "पोरगी हिंमतवाली आहे, भाऊ. रडली नाही. फक्त म्हणाली, गाडी गेली तर नोकरी जाईल."

परतीच्या एसटीत पॅनल मांडीवर होतं. गुपचूप बसवून टाकलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. माझं त्यांना नाही, त्यांचं मला कळल्याचं नाही. तीन खोटी माणसं सुखानं नांदली असती. पण मला सारखं ते प्लास्टर दिसत होतं. पोर पडली, हाड मोडलं, आणि उठून तिनं पहिला विचार केला तो मी बोट फिरवणार याचा. पुढच्या वेळी ती याहून वाईट पडली तर? तेव्हाही आधी फायबर आणि मग बाप?

सगळं सांगून टाकायचं ठरवून मी गल्लीत शिरलो. ते माझ्या आधी परतले होते. सोलापुरी चादर जमिनीवर पडली होती. एका बाजूनं आतडी दिसणारी ती गाडी, आणि शेजारी पायरीवर जावई. चेहरा पांढराफटक. माझ्या हातातलं पॅनल बघून तो उठून उभा राहिला.

"मामा, मी सांगणारच होतो."

मी म्हणालो, "काय सांगणार होता?"

"तुम्ही ते काढून तपासायला नेलं ना? काल चादर टाकली तेव्हाच मला कळलं, तुमच्या लक्षात आलंय. रात्रभर झोप नाही. माझ्याकडून पडली गाडी, दोनदा. मी एकटा होतो. शब्द दिलाय, मोडणार नाही. गाडी विकतो."

बघा आता. मी चोर, आणि तो माझ्यासमोर कबुली देत होता. वर तीही खोटी. मला खरंच वाटलं, की आपण अजून एसटीतच आहोत.

आतून मुलगी आली. "काही एकटे नव्हते ते, आणि पडले पण नव्हते. मी पडले, नाना. दोन्ही वेळा मीच. पहिल्यांदा शिकताना, तेव्हा हे मागं पळत होते. दुसऱ्यांदा शाळेतून येताना. ह्यांना काही बोलू नका."

"तू आत जा," जावई तिला म्हणाला.

"का जाऊ? गाडी विकायची म्हणता, मग मी शाळेत कशावर जाऊ, तुमच्या शब्दावर?"

मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं, हिला धक्का बसेल, हिला धरावं लागेल. ती ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "फाल्गुनात मी दहा दिवस धुळ्याला पापड करायला गेले होते ना? दहा दिवसांत किती पापड आणले मी?"

मला आठवलं. एकही नाही.

"तिची वेणी घालायला गेले होते. एका हातानं घालता येत नाही." मग माझ्यासाठी नाही, कैरीसाठी म्हणाल्यासारखी म्हणाली, "बठ्ठास्ले माहीत व्हतं, तुमले सोडीसन." सगळ्यांना, एक मला सोडून.

मी पायरीवर बसलो. मग मी पानटपरीपासून सांगायला सुरुवात केली. चावी, कलणं, 'दहा', टूथपेस्ट, खोबरेल, पॉलिश पेपर. टक्कलापाशी आलो तेव्हा जावयाच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं तोंड फिरवलं. मुलगी मात्र हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

एवढ्या दोन दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही. तुझा हात दाखव."

तिनं बाही वर केली. कोपरावर गुलाबी, सुरकुतलेली खूण. हात लांब करायला सांगितलं तर तो पूर्ण सरळ झाला नाही; शेवटचा थोडा भाग तसाच वाकडा राहिला. आखाजीला ती याच अंगणात झोका घेत होती, दोरी या हातानं धरून, आणि मी तेव्हा तिच्याकडे पाठ करून गाडीशी बसलो होतो.

"फार दुखलं?"

"हाड मोडलं तेव्हा नाही एवढं. फोनवर तुमच्याशी नेहमीसारखं बोलायचं ते जड जायचं."

मी जावयाला म्हणालो, "जावईबापू, तुमचा शब्द मी परत देतो. गाडी विकायची नाही."

"नुसतं परत देऊन नाही चालणार," मुलगी म्हणाली. "आता तुम्ही द्या. मी पडले तर पहिला फोन तुम्हाला करीन. ओरडायचं नाही. गाडीचं विचारायचं नाही."

"दिला."

"आईसमोर म्हणा."

आई समोरच होती. मी पुन्हा म्हणालो. जावयानं पॅनल घेतलं आणि खाली बसून स्क्रू लावायला लागला. एक स्क्रू मी धुळ्याच्या एसटीत हरवला होता. तेही सांगून टाकलं.

सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या. परवा दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, फोन वाजला. "नाना, पडले. वळणावर. आता रस्त्याच्या कडेला बसलेय."

तोंडात जे आलं होतं ते गिळायला मला किती वेळ लागला कोण जाणे, तिकडून ती "नाना? नाना?" करत होती.

"लागलं का?" मी विचारलं.

"गुडघा खरचटलाय. चालता येतंय. शाळेतल्या मॅडम आल्यात."

"बरं. बस तिथंच. पाणी पी," मी म्हणालो आणि फोन बायकोच्या हातात दिला.

बायकोनं तो कानाला लावला, माझ्याकडे बघितलं, आणि तिला सांगितलं, "नाही गं, ओरडले नाहीत. इथंच बसलेत. घामानं भिजलेत, पण ओरडले नाहीत."